एका बोटाची चौरी

मी, शालीकराम यादोराव रहांगडाले, वय त्र्याहत्तर, धंदा पूर्वी शेती आणि आता काही नाही, मूळ राहणार जांभळीटोला, तालुका सालेकसा, सध्या मुक्काम फुलचूर, गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच अकलेने, दिवसाढवळ्या, ओसरीत बसून लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही, फूस लावलेली नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. सुनेचे मत वेगळे आहे, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला वार विचारला, मुलांची नावे विचारली, आणि मी शुद्धीवर असल्याचे लिहून दिले. मन कसे आहे ते विचारले नाही. विचारले असते तर दाखला मिळाला नसता.

वकिलांनी टाइप करून दिलेला मसुदा मी वाचला. त्यात स्थावर होते, जंगम होते, वारस होते, शामकला कुठेच नव्हती. शामकला म्हणजे माझी बायको, गेल्या पौषात वारली. ती नसलेले माझे मृत्युपत्र म्हणजे दुसऱ्याच कोणाचे तरी कागद, म्हणून तो मसुदा बाजूला ठेवला आणि हा लिहायला घेतला. कायद्याची भाषा जिथे येते तिथे वापरली आहे. जिथे येत नाही तिथे सरळ लिहिले आहे.

माझ्या मागे दोघे आहेत. मुलगा ओमेश, ज्याच्याकडे मी राहतो, आणि मुलगी रेणू, जी नवेगाव बांधला दिली आहे.

कलम १. फुलचूरचे राहते घर ओमेशला द्यावे. ते त्याचेच आहे, कागदावर माझे नाव आहे एवढेच. सहा वर्षे इथे राहूनही कोणत्या बटणाने कोणता दिवा लागतो ते मला अजून कळत नाही, आणि आता शिकायची हौस नाही. ओमेशबद्दल माझी तक्रार पुढे येईल, पण आधी एक लिहून ठेवतो की त्याने आईला कधी उपाशी ठेवले नाही आणि कधी आवाज चढवला नाही. तो वाईट मुलगा नाही. त्याला घर म्हणजे काय ते कळत नाही, आणि ते न कळणे हा कायद्याने गुन्हा नाही.

कलम २. जांभळीटोल्याच्या धानाच्या बांध्या, म्हणजे शेते, ओमेश आणि रेणू यांना सारख्या वाटून द्याव्यात. तळ्याच्या बाजूची बांधी रेणूची. या घरात रेणूच्या हिश्श्याचे नाव काढले की स्वयंपाकघरात भांडी जोरात वाजतात. वाजू देत. बँकेत जे काही असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे आणि उरले तर तेही अर्धे अर्धे. तेरवीला बुंदी करू नये. शामकलाच्या तेरवीला बुंदी केली होती आणि लोकांनी दुसऱ्यांदा मागून खाल्ली, ते मला अजून दिसते.

कलम ३. सायकल. ही मला सायकल दुरुस्तीवाल्या छोटेलालला द्यायची होती, पण तो या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि वकील म्हणतात की साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून आज सकाळीच ती त्याच्या दाराला टेकवून आलो आहे. तिचा या कागदाशी संबंध नाही.

कलम ४. हत्यारे. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात माझी हत्यारे आहेत: करवतीचे मोडके पाते घासून केलेली सुरी, सायकलच्या आऱ्याचे गिरमिट, सोनाराकडून मागून आणलेला चिमटा, पॉलिश पेपरचे तुकडे आणि दांडा बांधलेले भिंग. भिंग रेणूला द्यावे. बाकी भंगारात गेले तरी चालेल, ती माझ्याशिवाय कोणाच्या हाताला बसायची नाहीत.

ही हत्यारे माझ्याकडे का आली ते लिहिल्याशिवाय पुढची कलमे कळणार नाहीत. मी सुतार नाही. सदुसष्ट वर्षांचा होईपर्यंत बैलाच्या जुवापेक्षा लहान काही मी घडवले नव्हते. मग म्हातारपणी बाहुलीच्या घरातल्यासारख्या खाटा आणि जाती करत बसलो, आणि सगळ्या फुलचूरने मला हसून घेतले. ओमेश म्हणायचा, "बाबूजी, लोग क्या बोलेंगे? बुढा भातुकली खेळून राहिला म्हणून राहिले सारे." मी म्हणालो, म्हणू देत. ज्यांना हसायचे त्यांनी हसावे, मला त्यांच्यासाठी लाकूड कापायचे नव्हते.

शामकलाचे डोळे काचबिंदूने गेले. एकदम नाही, हळूहळू गेले, आणि जांभळीटोल्याच्या घरात ते गेल्याचे कोणाला फारसे कळलेही नाही. ते घर तिच्या हातापायांना पाठ होते. उंबरठा कुठे झिजला आहे, चुलीपुढची जमीन कुठे खोलगट आहे, ढेकीवर धान कांडताना कुठल्या खांबाला धरायचे, सगळे तिला ठाऊक. आलेल्या पाहुण्याला चहा देऊन वर ती विचारायची, "साखर कमी पडली का?" पाहुणा उठून जायचा तरी त्याला कळायचे नाही की या बाईने आपले तोंड पाहिलेले नाही.

मग ओमेश म्हणाला की आईला मोठ्या डॉक्टरांजवळ ठेवले पाहिजे. बरोबरच म्हणाला. त्यासाठी गावचे घर विकले, फुलचूरला हे घेतले. सामान आवरून आलो आणि डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले की उजेड आता परत यायचा नाही. तोवर खरेदीखतावर सही होऊन गेली होती.

इथल्या फरशीने तिला संपवले. फरशी सगळीकडे सारखी, गुळगुळीत, पायाला काही सांगत नाही. तीन वेळा पडली आणि मग तिने चालायचेच सोडले. पलंगावर बसून राहायची, दोन्ही हात मांडीवर पालथे. आणि रोज एकच.

"अजी, घरी चला ना."

"हे घरच होय, शामकला."

"हे दवाखाना होय," ती म्हणायची. "मले समजते. घरी कोठीचं तोंड लिपाचं राहिलं आहे."

कोठी म्हणजे आमची धान साठवायची मातीची मोठी कणगी. तिचे तोंड लिपून झाले असे मी खोटेच सांगायचो. तिला खोटे कळायचे. एक दिवस मला ते सहन झाले नाही. मागच्या प्लॉटवर घराचा पाया खणत होते, तिथून चिकट माती आणली आणि मुठीएवढी कोठी करून वाळवली आणि तिच्या तळहातावर ठेवली. म्हणालो, घे, लिप तोंड.

तिने ती फिरवून फिरवून चाचपली आणि परत दिली. "हे कोठी नोहोय, लोटा होय. कोठीले खाली भोक राहते, धान काढाले. अन् पोट काऊन असं बसलेलं? उपाशी आहे का?"

कितीतरी दिवसांत ती एवढे बोलली नव्हती. मी बाहेर जाऊन रडलो आणि दुसरी करायला घेतली. भोक पाडले, पोट फुगवले. ती तिने परत दिली नाही. उशाशी ठेवून घेतली.

तिथून सुरुवात झाली. माप तिने दिले. म्हणाली, हाताला बोट धरा. खऱ्या घरात जे एक हात ते इथे एका बोटाची रुंदी. चार हात लांब खाट, ती चार बोटे. मी सुतारकाम शिकलो ते तिच्या शिव्या खात. सूप केले तर म्हणाली, यानं पाखडून दाखवा. जाते केले तर म्हणाली, खुंटा सैल आहे, पीठ जाडं येईल. डोळस माणसाला मी फसवले असते. तिच्या बोटांना फसवणे मला शेवटपर्यंत जमले नाही.

आणि नुसते नक्कल केलेले सामान मला द्यायचे नव्हते. विकत घेणाऱ्याने आमचे घर अजून पाडले नव्हते, तोवर मी सालेकशाच्या गाडीने जाऊन एकेक वस्तूचा तुकडा आणायचो. आमच्या खाटेचा पाय मोडून पडला होता, त्याच्या लाकडातून लहान खाट केली आणि तिच्याच सुताने विणली. ढेकीच्या लाकडाची ढेकी. फुटलेल्या जात्याच्या कपचीचे जाते. दाराच्या फळीतून दार. त्यामुळे लहान घरात जे आहे ते त्या घरासारखे आहे असे कोणी म्हणू नये. ते तेच आहे, फक्त उरले तेवढे.

कलम ५. लहान घर. याच कलमासाठी मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. वरची कलमे नसती तरी तुमचे भागले असते.

सामान वाढले तेव्हा ते ठेवायला मी घर केले. खाली खोक्याची फळी, वर कामट्यांचा कूड आणि मातीने लिपलेल्या भिंती. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, मागे सांदवाडी म्हणजे परसू. छप्पर उचलून काढता येते, म्हणजे तिला हात आत घालता यावा. ती दोन बोटांनी चालायची. अंगणातून यायची, ओसरी चढायची, माजघरात जायची. पहिल्या दिवशी दारातून आत गेली आणि थांबली. "उंबरठा उंच करा," म्हणाली. "माहं बोट अडलं नाही." उंच केला. दुसऱ्या दिवशी बोट अडले आणि ती हसली. फुलचूरला आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग रोज सकाळी चहा झाला की ते घर तिच्या मांडीवर ठेवायचे. ती आत गेली की तिला हाक मारलेली चालायची नाही. कधी मध्येच म्हणायची, "थांबा, चुलीवर दूध आहे." रेणू आली की दोघी मायलेकी त्या घरात बसायच्या, एकीची दोन बोटे ओसरीत, दुसरीची सांदवाडीत, आणि तिथून एकमेकींशी बोलायच्या. मी खुर्चीत बसून ऐकायचो. एवढेच सुख मला म्हातारपणी मिळाले आणि ते पुरे होते.

एक दिवस ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली आणि तिची बोटे तिथेच फिरत राहिली. "देव कुठं आहे?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमच्या पोवारांच्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मातीची चौरी असते, हातभर लांबरुंद ओटा, आणि त्यात आमच्या कुळाचे देव. भाऊ वेगळा निघाला की मूळ चौरीची चिमूटभर माती नेतो आणि आपल्या घरी चौरी घालतो. माती गेली की देव गेला. ही माती मुलाने न्यायची असते. लेकीला ती देता येत नाही, कारण तिच्या सासरी त्यांची चौरी असते, आणि एका छपराखाली दोन कुळांचे देव आमच्या रीतीत बसत नाहीत. फुलचूरला येताना माती ओमेशने आणायची होती. तो म्हणाला, बाद में देखेंगे. इथे त्याने बाजारातून संगमरवरी देवघर आणले, आत लाल बल्बसकट.

मी शामकलाला म्हणालो, "देवाचं खेळणं करत नाहीत."

ती म्हणाली, "मंग हे घर नोहोय." आणि हात काढून घेतला.

त्यानंतर कित्येक दिवस लहान घर तिने मांडीवर घेतले नाही. पुन्हा दोन्ही हात पालथे. पुन्हा, अजी, घरी चला ना. तेवढ्यात गावाहून आमच्या जुन्या शेजाऱ्याचा, मंगरूचा निरोप आला की घर पाडायला मशीन आली आहे. मी निघालो. भिंती अर्ध्या पडल्या होत्या. मी मशीनवाल्याला हात जोडून थांबवले, नारळ फोडला, आणि चौरी खणून काढली. चिमूटभर नाही, होती तेवढी सगळी, धोतराच्या सोग्यात बांधून. आता तिथे धान वाळवायचे सिमेंटचे पटांगण आहे.

त्या मातीची मी लहान घरात चौरी घातली. हाताला बोट या मापाने चौरी एका बोटाची झाली. उरलेली माती फेकता येत नव्हती, म्हणून सगळ्या लहान घराची जमीन मी त्याच मातीने सारवली. आणि चौरीवरचा शेवटचा हात शामकलाने फिरवला. शेणमातीत बोट बुडवून तिने ती लिपली. चौरीवर तिच्या बोटाचा ठसा आहे. चौरी एवढीच आहे की त्यावर दुसऱ्या कशाला जागा नाही.

त्या दिवाळीला माझा चुलत भाऊ बिसराम चौरीच्या दर्शनाला आला. रीतच आहे ती, सगळे भाऊबंद मूळ चौरीवर येतात, लग्नाची हळदही आधी तिलाच लावतात. मी त्याला लहान घरासमोर बसवले. तो पाहत राहिला आणि मग उभा राहून ओरडला, "शालीकभाऊ, तुमी कुळाचा देव खेळण्यात बसवला! आता पोराच्या लग्नाची हळद कुठं लावू आमी? ह्या खोक्याले?"

शामकला पलंगावरून म्हणाली, "मोठ्या घरात होता तवा तुमी किती येत होते, भाऊजी?"

बिसराम पाणी न पिता गेला आणि तेव्हापासून आला नाही. पण तो चूक बोलला नव्हता. माझ्या हातून भलतेच होऊन बसले होते. देव एकदा बसला की उठवता येत नाही, आणि मी तो खेळण्याच्या घरात, तेही सगळ्या जमिनीत मिसळून बसवला. आता घर वेगळे आणि देव वेगळा करता येत नाही. वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, पण त्याचे काय करायचे ते मला माहीत नव्हते. म्हातारी जिवंत होती तोवर विचारही केला नाही.

पौषात तिला न्यूमोनिया झाला. शेवटच्या दुपारी ती कोणाला ओळखत नव्हती, पण तिची दोन बोटे गोधडीवर चालत होती. चालायची, थांबायची, पुन्हा मागे यायची. रेणू म्हणाली, "बाबूजी, मायले दार सापडून नाही राहिलं." मी लहान घर आणून तिच्या हाताखाली ठेवले. उंबरठ्याला बोट अडले. मग ती आत गेली, सरळ स्वयंपाकघरात, चौरीवर बोट टेकवले, आणि माजघरात येऊन दोन्ही बोटे खाटेवर आडवी केली. त्यानंतर ती बोटे हलली नाहीत. आम्ही बराच वेळ तो हात तिथून काढला नाही.

तेराव्याला तिला आमच्या पितरांत मिळवले ते याच चौरीवर. म्हणून आता तीही तिथे आहे. मी रोज सकाळी ते घर मांडीवर घेतो. माझी बोटे आत घालून पाहिली, पण मला डोळे आहेत, मला ते लाकूड आणि मातीच दिसते. डोळे मिटले तरी मिटलेले आहेत हे कळते. ती गेली तिथे मला जाता येत नाही, आणि इथे मला काही काम नाही.

कलम ६. मनाई. लहान घर कोणालाही विकू नये, भाड्याने देऊ नये, प्रदर्शनात ठेवू नये. हे लिहिण्याचे कारण असे की गेल्या उन्हाळ्यात ओमेशने त्याचे फोटो मोबाइलवर कोणाला तरी दाखवले, आणि जंगलाकाठी पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेला एक गृहस्थ ते पाहायला आला. त्याला ते स्वागताच्या टेबलावर काचेच्या पेटीत हवे होते. वाकून वाकून पाहिले आणि म्हणाला, "बहुत बढिया, दादाजी. अंदर छोटे छोटे बल्ब लगा देंगे, हर कमरे में."

मी म्हणालो, "जिचं घर आहे तिले बल्बचं काम नव्हतं."

त्याला कळले नाही. ओमेशला कळले. गृहस्थ गेल्यावर तो म्हणाला, "तुमच्या मागं ह्याचं करू काय मी, बाबूजी? सांगा ना. मले नाही माहीत." त्याला राग आला नव्हता. त्याला खरोखर माहीत नव्हते. त्याच्या टीव्हीशेजारी ते राहील, नातेवाईक उचलून पाहतील, पोरे ढेकी मोडतील, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत ते माळ्यावर जाईल. मला हे इतके स्पष्ट दिसते की जणू होऊन गेले आहे.

कलम ७. रेणू. पोरी, हे कलम तू दोनदा वाच.

लहान घर तुला हवे आहे. तू तोंडाने एकदाच मागितलेस, आईच्या तेरवीनंतर, पण तू इथे आलीस की आधी त्याच्याजवळ बसतेस ते मी पाहतो. ते तुझे आहे. आईच्या बोटांबरोबर त्यात फिरलेले माणूस तू एकटी. पण तू सासूला विचारलेस आणि त्या म्हणाल्या, "माहेरचा देव आमच्या घरात आणशील तर आमच्या देवानं कुठं जावं?" तू मला हे सांगताना सासूला नावे ठेवली नाहीस. मीही ठेवत नाही. त्यांच्या जागी शामकला असती तर तीही हेच म्हणाली असती. ज्या मुलाने देव न्यायचा त्याला नको आहे, आणि जिला हवा आहे तिला नेता येत नाही, असा हा गुंता मी स्वतः मातीत कालवून ठेवला आहे. तू म्हणालीस, बाबूजी, चौरी तेवढी काढून घ्या आणि घर मला द्या. मी बसलो होतो एक दिवस, सुरी घेऊन. चौरीवर तिचा ठसा आहे. सुरी लावता आली नाही. आणि लावली असती तरी जमिनीचे काय केले असते?

कलम ८. म्हणून व्यवस्था अशी.

माझ्या दहाव्याच्या दिवशी लहान घर जांभळीटोल्याच्या बोडीवर न्यावे. बोडी म्हणजे आमच्या गावचे तळे. आमच्या मोठ्या घराच्या भिंतींची माती त्याच बोडीतून काढली होती, माझ्या आज्याने. घर ओमेशने दोन्ही हातांत धरून न्यावे, गाडीच्या डिकीत ठेवू नये. नेताना सगळे सामान जागच्या जागी असावे, चुलीजवळ चुलीचे, माजघरात खाट. त्याने छातीइतक्या पाण्यात उतरावे, छप्पर काढावे आणि घर पाण्याखाली धरावे. खालची फळी लाकडाची आहे, ती वर येऊ पाहील. तिला माती सुटेपर्यंत दाबून धरावे. वेळ लागेल. माती चांगली बसली आहे.

जे बुडेल ते देवाचे आणि शामकलाचे. चौरी, चूल, कोठी, जाते, भिंती. जे तरंगेल ते देवाने सोडले असे समजावे आणि ते रेणूने काठावर गोळा करून घ्यावे. ते मग कोणाच्या कुळाचे नाही, सासूबाईंनाही त्यात हरकत घेता येणार नाही. ओले सामान उन्हात वाळवू नये, तडकेल. सावलीत ठेवावे.

ओमेश हे करील की नाही मला माहीत नाही. वकील म्हणाले, अट घाला, हे केले तरच फुलचूरचे घर मिळेल असे लिहा. मी अट घालत नाही. त्याने हे केले नाही तरी घर त्याचेच. अटीखातर पाण्यात उतरलेला मुलगा मला नको आहे. पण ओमेश, तू विचारले होतेस की मागे काय करायचे. हे करायचे.

कलम ९. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझा चुलत भाऊ बिसराम याला नेमतो. लोकांना नवल वाटेल. पाच वर्षे तो माझ्या दारात आलेला नाही आणि दिसला तर तोंड फिरवतो. पण देव खेळण्यात बसवला म्हणून एवढ्या सगळ्या भाऊबंदांत तो एकटाच चिडला. बाकीचे हसले. ज्याला काही वाटतच नाही तो चिडत नाही. बिसराम, बोडीतून मूठभर माती घे आणि आपल्या घरी चौरी घाल, म्हणजे पोरांच्या हळदीला जागा होईल. तुझ्यावरचा माझा राग मी या कागदावर सोडून देत आहे. तुझा तू ठेवायचा असेल तर ठेव.

याखेरीज माझ्याकडे देण्यासारखे काही नाही आणि घेण्यासारखे काही उरलेले नाही. यापूर्वी मी दुसरे कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि खाली नाव लिहिलेल्या दोघांच्या देखत सही केली. त्यांनी माझ्या देखत केली.

सही: शालीकराम यादोराव रहांगडाले

साक्षीदार:
१. मनिराम शरणागत, शेजारी, राहणार फुलचूर. (यांनी सही करताना चष्मा पुसायला घेतला तो बराच वेळ पुसत होते. मजकूर त्यांना समजला आहे.)
२. छोटेलाल टेंभरे, सायकल दुरुस्ती, राहणार फुलचूर.

पुरवणी. सह्या झाल्यावर मनिरामने विचारले की, काका, काय काय तरंगेल ते पाहिले आहे का? पाहिले नव्हते. म्हणून दोघांच्या देखत बादलीत पाणी घेऊन फक्त खाट सोडून पाहिली. दुसरे काही पाहिले नाही.

खाट तरंगते. ती बुडावी असे मला वाटत होते. पण नियम मीच केला आहे आणि तो मी बदलत नाही. खाट रेणूची. पुसून, सावलीत वाळवून परत माजघरात ठेवली आहे.

सही: शा. या. रहांगडाले
ठिकाण: फुलचूर, गोंदिया
दिनांक: २३ नोव्हेंबर २०११